दगडावरचें चित्र आणि तें छापणारे हात

आपल्या शिरपुरांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्याच्या भिंतीवर एकही छापील चित्र नाहीं. कोणाकडे किराणा दुकानदारानें दिलेल्या दिनदर्शिकेवरील लक्ष्मी असते, कोणाकडे शिवाजी महाराज, तर कोणाकडे कोंकरूं कडेवर घेतलेला उत्तम मेंढपाळ. वर्ष संपलें कीं दिनदर्शिका रद्दींत जाते. परंतु चित्र मनांत भरलेलें असलें तर आई तें कापून चौकटींत बसविते. विद्यार्थिमित्रांनो, आतां एक प्रश्न विचारतों. हें चित्र कोणीं केलें? तुम्हीं म्हणाल, अमुक चित्रकारानें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. चित्रकारानें एक चित्र रंगविलें. पण त्या एकाचीं हजारों चित्रें होऊन तीं गांवोगांवीं पोंचलीं, तीं कोणीं केलीं? ह्या उरलेल्या अर्ध्या उत्तराविषयीं आज आपण विचार करूं.

छापील चित्र करण्याच्या जुन्या रीती मुख्यतः तीन. पहिली ठशाची. लांकडावरील किंवा लिनोलियमवरील जो भाग छापावयाचा नाहीं तो कोरून काढावयाचा, उरलेल्या उंच भागाला शाई लावावयाची व त्यावर कागद दाबावयाचा. दुसरी रीत हिच्या अगदीं उलट. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर हत्यारानें कोरून किंवा तेजाबानें खाववून रेघा खोल करावयाच्या, त्या खांचांत शाई भरावयाची, पत्रा वरून पुसून घ्यावयाचा आणि ओलसर कागद जोरानें दाबून खांचांतली शाई उचलून घ्यावयाची. तिसरी रीत मात्र सर्वांत नवलाची. तींत उंच कांहीं नाहीं आणि खोलही कांहीं नाहीं. सगळा खेळ सपाट दगडावर. हिलाच आपल्याकडे शिळाछाप म्हणतात.

शिळाछापाचा शोध आलोइस सेनेफेल्डर ह्या गृहस्थानें लाविला. तो 1771 मध्यें प्राग शहरीं जन्मला व पुढें बव्हेरियांत म्युनिक येथें राहिला. त्याला नाटकें लिहिण्याचा नाद होता, पण तीं छापून घेण्यास पैसा नव्हता. म्हणून स्वस्तांत छापण्याच्या युक्त्या तो स्वतःच शोधूं लागला. एके दिवशीं धुण्याच्या कपड्यांची यादी टिपून ठेवण्यास हाताशीं कागद नव्हता, तेव्हां त्यानें ती मेणाच्या शाईनें जवळच्या दगडावर लिहिली, आणि तेथून पुढें एकेक प्रयोग सुचत गेला, असें त्यानें स्वतःच सांगितलें आहे. 1796 ते 1798 ह्या काळांत त्याचे प्रयोग सिद्धीस गेले. त्यांचें मूळ तत्त्व एवढेंच कीं, तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. बव्हेरियांतील सोल्नहोफेन येथील चुनखडीचा दगड फार बारीक कणांचा असतो. तो तेलही शोषितो आणि पाणीही धरून ठेवितो. त्यावर तेलकट खडूनें चित्र काढून मग दगड ओला केला, तर पाणी केवळ कोऱ्या जागीं टिकतें. त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरविला, तर शाई चित्राला चिकटते व ओल्या जागेला शिवत नाहीं. तेलाचा हात लागलेल्या भांड्यावर पाणी ठरत नाहीं, हें तुमच्या आया रोज पाहतात. सेनेफेल्डरनें त्याच गोष्टीचा जगाला उपयोग करून दिला.

आतां शिळाछापाच्या कारखान्यांतील कारागिराचा दिवस कसा जात असे तें पाहूं. त्याचें पहिलें काम चित्र काढण्याचें नसून चित्र पुसण्याचें असे. हे दगड परदेशांतून येत व महाग पडत. म्हणून एक काम संपलें कीं तोच दगड घांसून पुन्हां वापरावयाचा. एका दगडावर वाळू व पाणी टाकून त्यावर दुसरा दगड पालथा ठेवावयाचा आणि तो गोल गोल फिरवीत राहावयाचें. वाळूचा चिखल झाला कीं धुवून टाकावयाचा आणि अधिक बारीक वाळू घ्यावयाची. जुनें चित्र डोळ्यांना दिसेनासें झालें म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्याचें तेल दगडांत मुरलेलें असतें. तें जाईपर्यंत घांसावें लागतें. येथें आळस केला तर नव्या चित्रांतील देवतेच्या मुखावर जुन्या चित्रांतील झाडाची फांदी उमटावयाची! ह्या दगडाचें वजनही सामान्य नसे. 60 सेंटिमीटर लांब, 45 सेंटिमीटर रुंद व 8 सेंटिमीटर जाड असा दगड घ्या. त्याचें घनफळ 21,600 घन सेंटिमीटर होतें. एका घन सेंटिमीटरचें वजन सुमारें अडीच ग्रॅम धरलें, तर दगड सुमारें 54 किलोचा भरतो. गणिताच्या तासाला हा हिशेब पडताळून पाहावा.

घांसलेला दगड मग नकलाकाराच्या मेजावर जाई. मूळ तैलचित्र पाहून तें दगडावर उतरविणें हें त्याचें काम. मेण, साबण, चरबी आणि काजळी यांची कांडी किंवा शाई हेंच त्याचें साहित्य. परंतु छापतांना चित्र उलटें होतें. म्हणून दगडावर तें आधींच उलटें काढावें लागतें. मूळ चित्रांतील उजवा हात दगडावर डावीकडे जातो. अक्षरें तर शेवटाकडून आरंभाकडे लिहावीं लागतात. ह्यासाठीं कारागीर जवळ आरसा ठेवीत. शिवाय दगडाला हाताचा स्पर्श होऊं देतां येत नाहीं, कारण बोटाच्या कातडीचें तेलही दगड शोषितो आणि मग बोटाचा ठसा हजार प्रतींवर उमटतो. म्हणून दगडावर आडवी फळी ठेवून तिच्यावर मनगट टेकावयाचें आणि तासन् तास एकेक ठिपका देत बसावयाचें.

चित्र पुरें झालें कीं त्यावर डिंकाचें पाणी, त्यांत नत्राम्लाचे थोडे थेंब घालून, लावितात. त्यायोगें कोरा भाग पाणी अधिक चांगलें धरतो. पुढची क्रिया पाहून नवशिका मनुष्य घाबरून जातो. टर्पेंटाइनचा बोळा फिरवून कारागीर तें सगळें चित्र पुसून टाकितो! दिवसांमागून दिवस खपून काढलेलें चित्र डोळ्यांदेखत नाहींसें होतें. परंतु दगडाच्या अंगांत तेल उतरलेलें असतें. दगड ओला करून शाईचा रूळ फिरविला कीं तेंच चित्र, पूर्वीपेक्षां ठळक होऊन, हळूहळू वर येतें. जें पृष्ठभागावर होतें तें गेलें, जें आंत मुरलें होतें तें राहिलें. शिक्षणाविषयींही मला नेहमीं असेंच वाटतें. परीक्षेनंतर पुष्कळसें पुसलें जातें, आणि खरें शिकलेलें तें त्यानंतरच दिसतें.

ह्यापुढें प्रत्यक्ष छपाई. एकानें ओल्या बोळ्यानें दगड पुसावयाचा, दुसऱ्यानें चामड्याचा रूळ फिरवावयाचा, तिसऱ्यानें कागद नेमका बसवावयाचा, मग दाब द्यावयाचा आणि कागद अलगद उचलावयाचा. प्रत्येक प्रतीला हें सगळें पहिल्यापासून. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला निराळा दगड. बारा रंगांचें चित्र असेल आणि हजार प्रती हव्या असतील, तर बारा दगड व बारा हजार दाब! पिवळ्यावर तांबडा, त्यावर निळा, असे रंग चढत जातात. प्रत्येक वेळीं कागद पूर्वीच्याच खुणेवर बसला पाहिजे. केसभर सरकला तर सीतेचे ओंठ गालावर जातात. पावसाळ्यांत कागद हवेंतील ओल शोषून किंचित् वाढतो, आणि खुणा जुळेनाशा होतात. दहाव्या रंगाला कागद बिघडला, तर आधींच्या नऊ रंगांचे श्रम त्याबरोबर वायां जातात. तेव्हां ह्या कामीं शेवटचा मनुष्य पहिल्याइतकाच सावध असावा लागतो.

ही विद्या आपल्या महाराष्ट्रांत कशी आली? अमेरिकन मिशनरी 1813 मध्यें मुंबईस आले व थोड्याच वर्षांत त्यांनीं तेथें आपला छापखाना घातला. त्या छापखान्यांत काम पाहिलेल्या गणपत कृष्णाजी ह्या कल्पक गृहस्थानें स्वतःच्या खटपटीनें दगड, शाई व छापण्याचें यंत्र यांची जुळवाजुळव केली, आणि 1831 मध्यें शिळाछापाचें मराठी पंचांग बाहेर काढलें. छापील पोथीला हात लावण्यास जेथें कित्येक जण कचरत, तेथें एका कारागिरानें हें धाडस केलें. पुढें सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीनें 1857 मध्यें मुंबईस चित्रकलेची शाळा सुरू झाली. 1878 मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा काढली, आणि पौराणिक व ऐतिहासिक पुरुषांचीं रंगीत चित्रें मराठी घरांत येऊं लागलीं.

सर्वांत गाजलेला कारखाना म्हणजे राजा रविवर्मा यांचा. रविवर्मा हे त्रावणकोरांतील किळिमानूर येथले; जन्म 1848, मृत्यु 1906. त्यांचीं तैलचित्रें राजवाड्यांत लागत, पण तीं सामान्य माणसाच्या दृष्टीस कशीं पडावींत? म्हणून 1894 मध्यें त्यांनीं मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढिला. जर्मनींतून यंत्रें व जाणते कारागीर आणविले. शकुंतलेच्या जन्माचें चित्र हें त्या कारखान्याचें पहिलें काम. पुढें प्लेगच्या दिवसांत, 1899 मध्यें, कारखाना लोणावळ्याजवळ मळवली येथें गेला. रविवर्म्यांचे धाकटे बंधु सी. राजा राजा वर्मा हेही चित्रकार होते. वडील बंधूंच्या कित्येक चित्रांतील मागचे डोंगर, आकाश व झाडी त्यांच्या हातचीं आहेत. ते इंग्रजींत दैनंदिनी लिहीत. चित्रकाराचें जीवन म्हणजे स्फूर्तीच्या लहरीवर तरंगणें, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती वाचावी. प्रवास, गिऱ्हाइकांच्या भेटी, चालू कामाची नोंद, कारखान्याच्या विवंचना, आणि पुन्हां दुसऱ्या दिवशीं काम, असें तें जीवन आहे.

ह्या कारखान्याचा शेवट मात्र विचार करण्याजोगा आहे. चित्रें घरोघर गेलीं, पण कारखाना तोट्यांत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभींच रविवर्म्यांनीं तो आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकून टाकिला. पुढें कित्येक वर्षें तो चालला, आणि 1972 मध्यें आगीनें त्याची राखरांगोळी झाली. आनंद कुमारस्वामींसारख्या टीकाकारांना रविवर्म्यांचीं चित्रें नाटकी वाटलीं. त्यांचें म्हणणें कांहींही असो. दुसरी एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्यांना देवळाची पायरी चढण्याची बंदी होती, त्यांच्या झोंपडींतही थोड्या पैशांत लक्ष्मी आणि सरस्वती येऊन बसली. जी वाट समाजानें अडवून धरली होती, ती एका कागदानें थोडी मोकळी केली. आम्हीं ख्रिस्ती लोक मूर्तिपूजा करीत नाहीं. तरी पण कोणत्याही माणसाला त्याच्या श्रद्धास्थानापासून दूर लोटणें हा अन्याय आहे, हें आम्हांला स्पष्ट दिसतें, आणि तो अन्याय थोडा तरी हलका करणाऱ्या त्या छापखान्याविषयीं आदर वाटतो.

ह्याच कारखान्यांत कांहीं काळ काम केलेला एक तरुण आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतला होता. त्र्यंबकेश्वरीं 1870 मध्यें जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रण, ठसे करणें, रंगीत छपाई हें सगळें त्यांनीं हातानें केलें. स्वतःचा छापखाना काढला. रंगीत छपाई अधिक शिकण्यासाठीं 1909 मध्यें जर्मनीस गेले. पुढें भागीदारांशीं पटेना म्हणून तो चालता धंदा सोडला, आणि 1913 मध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ हा बोलपट नव्हे, मूकपट, लोकांपुढें आणिला. चित्र हलूं लागलें त्याआधीं कित्येक वर्षें त्यांचे हात स्थिर चित्रांच्या शाईनें काळे झाले होते.

कारखाना नसला तर छापील चित्र होतच नाहीं काय? होतें. चित्तप्रसाद भट्टाचार्य हे बंगालचे. जन्म 1915, मृत्यु 1978. 1943 च्या बंगालच्या दुष्काळांत पायीं हिंडून त्यांनीं भुकेल्या माणसांचीं चित्रें काढलीं. त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती तत्कालीन सरकारनें जप्त करून नष्ट केल्या. 1946 च्या सुमारास ते मुंबईस आले आणि अंधेरीस राहिले. त्यांच्यापाशीं ना मोठें यंत्र, ना परदेशी दगड. लिनोलियमचा तुकडा, कोरण्याचीं हत्यारें, काळी शाई आणि कागद, एवढ्यावर त्यांचें काम चाले. लिनोलियम लांकडापेक्षां मऊ असतें, पण एकदां कोरलेली रेघ परत भरतां येत नाहीं. म्हणून हत्यार टेकण्यापूर्वीं मन ठाम करावें लागतें. मजुरी करणाऱ्या मुलांवर त्यांनीं जीं लिनोचित्रें कोरलीं, तीं डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनें 1969 मध्यें पुस्तकरूपानें काढिलीं. चित्रकार गरीबच राहिला. परंतु शाळेऐवजीं कामावर जाणाऱ्या मुलाचें दुःख त्यानें परमुलखांतील लोकांच्या डोळ्यांपुढें नेऊन ठेविलें.

आणि आपला खानदेश ह्या बाबतींत रिता आहे असें समजूं नका. धुळ्याहून फार दूर नसलेल्या चाळीसगांवीं, रेल्वे स्टेशनच्या जवळ, केकी मूस हे पारशी कलावंत राहत. जन्म 1912, मृत्यु 1989. मुंबईच्या विल्सन कॉलेजांत त्यांचें शिक्षण झालें. पुढें विलायतेस जाऊन कला शिकून आले, आणि नंतर जवळजवळ सगळा जन्म त्यांनीं चाळीसगांवच्या आपल्या घरांतच काढिला. मेजावर लहानशा वस्तु मांडून त्यांतून मोठा देखावा भासविणारीं त्यांचीं छायाचित्रें देशोदेशीं नांवाजलीं. छायाचित्राचा कागद अंधाऱ्या खोलींत रसायनांत बुडवून, योग्य क्षणीं बाहेर काढून छाप उमटविणें हीसुद्धां एक प्रकारची छपाईच, आणि तींतही घाई चालत नाहीं. त्यांचें घर आज संग्रहालय आहे. शाळेची सहल त्या बाजूस गेली, तर अवश्य पाहावें.

आतां पालकांसाठीं चार शब्द. मुलगा किंवा मुलगी चित्रकलेचा ध्यास घेते, तेव्हां घरांत काळजी उत्पन्न होते. ती खोटी नाहीं. वर सांगितलेल्या माणसांपैकीं एकाचा कारखाना तोट्यांत गेला, एकानें धंदा सोडला, एक निर्धन राहिला. हें लपवून मुलांना स्वप्नें दाखविणें बरें नव्हे. आजही जो कलावंत दगडावर किंवा पत्र्यावर चित्र करितो, तो बहुधा मोजक्याच प्रती काढितो. प्रत्येक प्रतीवर 7/30 असा आंकडा घालितो, म्हणजे तीसांपैकीं सातवी. खालीं सही करितो. त्या विकल्या जातीलच असा भरंवसा नसतो, आणि पुष्कळ जण उदरनिर्वाहासाठीं कोठें तरी शिकवितात. परंतु दुसरी बाजूही आहे. आज ज्या ऑफसेट यंत्रावर वर्तमानपत्रें, क्रमिक पुस्तकें व दिनदर्शिका छापतात, त्याच्या पत्र्यावर सेनेफेल्डरचेंच तेल-पाण्याचें तत्त्व चालतें. रंगांची पारख, खुणा जुळविण्याची काटेकोर नजर आणि न कंटाळता तेंच काम तितक्याच काळजीनें करण्याची संवय हीं ज्याला आहेत, त्याला पोट भरण्याच्या वाटा अनेक आहेत. म्हणून मुलाला एकदम होकार किंवा नकार देण्यापूर्वीं त्याला एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षांस बसवावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे पाहावें कीं, चित्र काढण्याइतकाच दगड घांसण्याचाही त्याला उत्साह आहे काय? तो असेल तर भिऊं नका. नसेल तर कोणत्याही धंद्यांत त्याची काळजीच आहे.

शेवटीं एक गोष्ट. रविवर्मा छापखान्याच्या चित्रांखालीं चित्रकाराचें किंवा छापखान्याचें नांव आढळतें. दगड घांसणाऱ्याचें, रूळ फिरविणाऱ्याचें, कागद खुणेवर बसविणाऱ्याचें नांव तेथें नाहीं. ह्याच्या उलट पवित्र शास्त्रांत, निर्गमाच्या पुस्तकांत, निवासमंडप उभारला गेला त्या प्रसंगीं बसालेल व अहलियाब ह्या कारागिरांचीं नांवें लिहून ठेविलीं आहेत, आणि त्यांच्या हातांतील कसब हें देवाचें देणें होय असें तेथें मानलें आहे. हातानें काम करणाऱ्याचें नांव विसरूं नये, हा धडा त्यांतून मी घेतों.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, दोन कामें करून पाहा. पांढऱ्या मेणबत्तीनें कागदावर एक फूल काढा आणि त्यावर पाण्यांत कालविलेला निळा रंग फिरवा; तेल-पाण्याचें वैर तुम्हांला डोळ्यांनीं दिसेल. दुसरें, घरच्या दिनदर्शिकेच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापखान्याचें नांव व गांव असेल तर तें शोधून वहींत लिहून आणा. वर्गांत नकाशा मांडून आपण तीं गांवें पाहूं, आणि आपल्या भिंतीवरील चित्रें कोठकोठल्या हातांतून येथवर आलीं त्याचा माग काढूं.